विमानाच्या पत्र्याला पोचा पडतो तेव्हा

गुरुवारी किंवा पौर्णिमेला अक्कलकोटात गाडी लावायला जागा मिळत नाही. स्वामींच्या दर्शनाला आलेल्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि कुणाच्या ना कुणाच्या दाराला पोचा पडतोच. मग डेंटिंगवाला आतून डॉलीचा ठोकळा धरतो, बाहेरून हातोडी चालवतो, उरलेल्या खळग्यात लांबी भरतो, पॉलिश पेपरने घासून रंग मारतो आणि गाडी नव्यासारखी करून देतो. मोठे कसब आहे हे. पण साधारण तेवढ्याच जाडीचा पत्रा विमानाचा असेल, तर यातली जवळजवळ प्रत्येक कृती तिथे वर्ज्य आहे.

2025 च्या जूनमध्ये सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. आपल्या भागातली मुले विमान जवळून पाहू लागली. त्यांना पायलट दिसतो. पत्र्यावर काम करणारे हात दिसत नाहीत. त्या हातांविषयी लिहायचे आहे, आणि हे काम सर्वांत स्पष्ट दिसते ते घरी बांधलेल्या विमानात.

घरी विमान बांधणे ही आता केवळ परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले. नोव्हेंबर 2017 मध्ये डीजीसीए या भारतीय विमान नियामक संस्थेने त्याची नोंदणी केली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत झेपावले. अमेरिकेत तर हा मोठा छंद आहे. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या आराखड्यांवरून बांधलेली 11,000 हून अधिक विमाने उडाली आहेत, आणि त्यांतली बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची.

अशा विमानाच्या पत्र्याला आकाशापेक्षा जमिनीवर जास्त धोका असतो. हातातून पाना निसटतो. ड्रिल घसरते. रिव्हेट मारताना गनचे टोक रिव्हेटच्या डोक्यावरून सरकते आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. शेडमध्ये विमान ढकलताना पंखाचे टोक खांबाला लागते. वर्षानुवर्षांची मेहनत समोर आणि मध्ये एक पोचा! अशा वेळी पहिला मोह होतो तो हातोडी घेण्याचा.

तो का आवरायचा, याचे उत्तर धातूत आहे. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळले की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून झटकन थंड केले, की पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कडक होत जाते. त्यातून ड्युरालुमिन आले आणि त्याच घराण्यातला 2024 हा मिश्रधातू आजही विमानांच्या पत्र्यासाठी वापरला जातो. त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे असते. गंजू नये म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. गॅसच्या ज्योतीने तापवला तर या पत्र्याची कमावलेली ताकद निघून जाते. ठोकला तर धातू ताणला जातो, जागा वाढते आणि पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटकू लागतो. शिवाय ठोकलेली जागा कडक आणि ठिसूळ होते. तडा जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

गाडीच्या दाराचा पत्रा मुख्यतः झाकण असतो. विमानाचा पत्रा ओझे वाहतो. पंखावर येणारा ताण आतल्या पट्ट्यांइतकाच त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या कातडीतून जातो. म्हणून पत्रा गुळगुळीत दिसतो का, हा प्रश्न नंतरचा. त्यातून ताण अखंड जातो का, हा पहिला.

म्हणून जाणकार माणूस आधी फक्त पाहतो. पोचा उथळ आहे, घडी पडलेली नाही, रिव्हेटच्या रांगेपासून आणि आतल्या पट्टीपासून तो लांब आहे, भिंगातून तडा दिसत नाही, तर अनेकदा तो तसाच ठेवणे हीच योग्य दुरुस्ती. ओरखड्यावर नख फिरवून पाहतात. अडकले तर तो बारीक पेपरने हलकेच घासून उतरता करतात, तेही ओरखड्याच्याच दिशेने, आणि उरलेली जाडी मोजून. लोखंडी तारेचा ब्रश इथे चालत नाही, कारण लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंज धरतो. पेन्सिलची रेघही चालत नाही. शिशातला ग्रॅफाइट ओल मिळताच अ‍ॅल्युमिनियम खाऊ लागतो. खुणा मार्कर पेनने करतात. लहान तडा असेल तर त्याच्या टोकाला साधारण अडीच-तीन मिलिमीटरचे भोक पाडतात, म्हणजे टोकाशी एकवटलेला ताण पसरतो. पण भोक पाडले म्हणजे काम संपले नाही. वरून ठिगळ लागतेच.

ठिगळ म्हणजे खरी परीक्षा. खराब भाग कापून काढायचा, कोपरे गोल ठेवायचे, कडा कानशीने साफ करायच्या. ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्याच्याच मिश्रधातूचा, जाडीला तेवढाच किंवा एक पायरी जाड. मग रिव्हेटचे गणित. 3.2 मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर त्याचा मध्य कडेपासून निदान दोन व्यास, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास आत हवा. दोन रिव्हेटमध्ये निदान तीन व्यासांचे अंतर हवे. 0.8 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पूर्ण ताकद परत मिळवायची तर एक इंच रुंदीला जोडाच्या प्रत्येक बाजूस साधारण पाच रिव्हेट लागतात. किमान अंतर पाळून एका रांगेत एवढे बसत नाहीत, म्हणून दोन रांगा घ्याव्या लागतात. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेच्या दुरुस्ती पुस्तिकेत याचे तक्तेच आहेत.

रिव्हेट मारायला दोघे लागतात. बाहेरचा गन धरतो, आतला मागे पोलादी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. ठरलेल्या टकटकीवर काम चालते. मागचे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याएवढे उंच झाले म्हणजे रिव्हेट बसला. तो तिरका बसला, तर डोक्याला बारीक ड्रिल लावून काढायचा, भोक अंडाकृती झाले असेल तर पुढच्या मापाचा घालायचा, आणि मोठ्या मापाला कडेचे अंतर पुरते का हे पुन्हा मोजायचे. या पुन्हा मोजण्याला कंटाळणाऱ्याने या कामात पडू नये.

दोन रांगांच्या जागी एक रांग झाली तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. जपान एअरलाइन्सच्या बोइंग 747 ची शेपूट 1978 मध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीला घासली. केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या दुरुस्तीत जोडपट्टी अखंड न घालता दोन तुकड्यांत घातली गेली, आणि जिथे दोन रांगांनी ताण पेलायचा तिथे एकाच रांगेवर तो आला. विमान पुढे सात वर्षे उडत राहिले. 12 ऑगस्ट 1985 ला ती भिंत फुटली आणि 520 माणसे गेली. चायना एअरलाइन्सच्या विमानाची शेपूट 1980 मध्ये घासली होती. ओरखडे पूर्ण न काढता वरून पत्रा चढवला गेला. 22 वर्षे तडे त्या पत्र्याखाली वाढत होते. 25 मे 2002 ला ते विमान हवेतच तुटले आणि 225 जण गेले. घरी बांधलेले छोटे विमान इतका हवेचा दाब झेलत नाही, हे खरे. पण ठिगळाखाली तडा लपवण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच आहे.

पंखामागच्या एलेरॉनवर किंवा शेपटीच्या हलत्या पट्ट्यांवर तर लांबीचा एक थरही विचार करून द्यावा लागतो. बिजागरीमागे वजन वाढले की वेगात ती पट्टी फडफडू लागते आणि काही सेकंदांत तुटून जाऊ शकते. म्हणून तिथे दुरुस्तीनंतर, रंगानंतरही, तोल पुन्हा तपासतात. शेवटी उघड्या धातूवर प्रायमर लागतो आणि विमानाच्या वहीत नोंद होते: काय झाले, काय कापले, कोणता पत्रा, कोणते रिव्हेट, सही कुणाची. माझ्या मते ही वही ठिगळाइतकीच महत्त्वाची आहे, कारण पुढच्या तपासणाऱ्याला रंगाखाली कुठे पाहायचे हे तीच सांगते.

हे काम शिकायला परदेशी जावे लागत नाही. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या सरकारी कंपनीत लढाऊ विमाने बांधली जातात आणि आयटीआय झालेल्यांना तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या ज्या पालकांच्या मुलाचा हात पत्र्यावर चालतो, त्यांनी यंदा आयटीआयचा अर्ज भरताना या ट्रेडची चौकशी जरूर करावी.