चाकामागचे हात

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा काढलेला आणि १९६० साली सांगली हे नाव पावलेला मुलूख व उत्तरेकडचा मूळ सातारा यांच्यामधून एकच कृष्णा वाहते, आणि तिच्या काठच्या गावगाड्यात कुंभाराचे बलुतेही एकाच रिवाजाने चालत आले. त्या बलुत्याच्या दप्तरात हक्कदार म्हणून नाव पुरुषाचे असे. कारण चाक फिरवील तो कुंभार अशी लोकसमजूत होती, आणि चाकाला स्त्रीने हात लावू नये हा दंडक या देशातील बहुतेक कुंभारवाड्यांनी पिढ्यानुपिढ्या पाळला. परिणामी कुंभारणीच्या कर्तृत्वाची नोंद कोठेच झाली नाही, आणि हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

वास्तविक एका मडक्याच्या जन्मात चाकावरचा काळ सर्वांत अल्प. तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ आणावा, वाळवावा, फोडून चाळावा, त्यात घोड्याची लीद व राख मिसळून तो पायांनी तुडवावा, या साऱ्या कष्टांत घरातल्या बायकांचा वाटा मोठा. लीद कशासाठी, तर भाजताना ती जळून जाते आणि तिच्या जागी राहिलेल्या सूक्ष्म रंध्रांमुळे भांडे आचेने सहसा तडकत नाही. त्याच सच्छिद्रतेमुळे माठातले पाणी पाझरून बाहेर येते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. चाकावरून उतरलेले भांडे जाड व ओबडधोबड असते. ते अर्धवट सुकले, की एका हाताने आतून दगडी गुंडा टेकवायचा आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून थापटत जायचे. गुंडा आणि थापी नेमकी समोरासमोर आली पाहिजेत, अन्यथा भिंत फाटते. हा मेळ डोळ्यांना दिसत नाही, तो केवळ आवाजावरून व तळहाताच्या स्पर्शावरून साधावा लागतो. पुढे कावेचा हात द्यायचा, घोटायचे आणि आव्यात रचायचे.

चूल, शेगडी आणि बेंदराचे बैल यांना तर चाकाचा संबंधच नाही. सांगलीच्या दक्षिण भागात ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर आणि त्यापाठोपाठ आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर साजरा होतो. त्यासाठी लागणाऱ्या मातीच्या बैलजोड्यांचे वशिंड आणि शिंगांचा बाक निव्वळ बोटांनी काढलेला असतो. हाताने घडवणे हेच ज्या कलेचे लक्षण मानायचे, तिच्यात या कामाला दुय्यम का लेखावे? मणिपुरातील आंद्रो गावी तर चाकाशिवायच मडकी घडतात आणि ती स्त्रियाच घडवतात. तेथे कुंभारकाम म्हणजे बायकांची विद्या हे सर्वमान्य आहे.

आवा रचणे हे स्वतंत्र शास्त्र होय. खाली शेणी, मध्ये भांडी, फटींतून उसाचे पाचट, वर खापऱ्या आणि राखेचे आवरण. वारा कोणत्या अंगाने आहे, कच्च्या भांड्यात ओल किती उरली आहे, हे पाहूनच अग्नी द्यावयाचा. सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापले, की मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणीही निघून जाते, आणि मग ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे भांडे तांबडे होते, कोंडली तर काळे. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट, लग्नातल्या उतरंडी यांचा हंगाम आला, की हाच माल डोक्यावरच्या पाटीतून बाजारात नेणारी आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला बोटाची गाठ आपटून मडक्याचा खणखणीत नाद ऐकवणारीही पुष्कळदा कुंभारीणच.

निर्मला पटवर्धन यांनी १९८४ साली इंग्रजीत कुंभकारांसाठी हस्तपुस्तक प्रसिद्ध केले. झिलईच्या मिश्रणांचा इतका कसून अभ्यास करणारी स्त्री आपल्याकडे होऊन गेली, तरी ती विद्या कुंभारवाड्यात पोचलेली नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण योजनेखाली विजेवर चालणारी चाके देण्यास प्रारंभ केला. काठीने गती द्यावयाच्या जड चाकाला जे बाहुबळ लागे ते यास लागत नाही, म्हणून घरातल्या सुना-लेकी त्यावर बसू शकतात, आणि जुन्या दंडकाला आता कोणतेही निमित्त उरलेले नाही. मात्र झिलईदार, पाणी न झिरपणारी, कपबशीच्या तोडीची पक्की भांडी करायची तर बाराशे अंशांच्या आसपास उष्णता हवी, आणि ती शेणी-पाचटाच्या आव्यात मिळत नाही. एकट्या कुटुंबाला अशी भट्टी परवडणार नाही. कऱ्हाड किंवा मिरजेसारख्या ठिकाणी ती सामाईक उभारावी, आणि तिच्यावर भांडी भाजण्याची पाळी लावताना बायकांची नावे प्रथम घ्यावीत.