हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभे राहते कसे?

शेतावर औषध फवारणाऱ्या ड्रोनविषयी आम्ही बोललो, तेव्हापासून अनेक गटांकडून एकच प्रश्न येतो आहे. ड्रोन आपला तोल आपणच सांभाळतो, मग हेलिकॉप्टरचेही तसेच असते का? पुरात ते घराच्या छपरावर येऊन थांबते, तेव्हा त्याला धरून कोण ठेवते? माणूस की यंत्र? आजचा भाग या प्रश्नावर.

प्रश्न साधा नाही. केरळच्या महापुरात, १७ ऑगस्ट २०१८ रोजी, आलुवा भागात एक दिवस भरलेली बाई पाण्याने वेढलेल्या घरात अडकली होती. पाण्याची पिशवी फुटली होती. नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून आधी डॉक्टरांना दोराने खाली सोडले, मग तिला दोरानेच वर घेतले. कोचीच्या नौदल रुग्णालयात तिला मुलगा झाला. ती दोराला लटकत असताना वरचे यंत्र जागेवर राहणे किती गरजेचे होते, ते वेगळे सांगायला नको.

आता मुळापासून पाहू. ड्रोनला चार किंवा सहा पंखे असतात. कोणता पंखा किती जोरात फिरवायचा ते संगणक ठरवतो आणि त्यातून तोल राखतो. हेलिकॉप्टरचे तसे नाही. त्याचा मोठा पंखा जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतो. बदलतो तो पात्यांचा कल. एस.टी.च्या खिडकीबाहेर हात काढू नका असे लिहिलेले असते, तरी लहानपणी आपण सगळ्यांनी तो काढलेला आहे. तळवा आडवा ठेवला की वारा सरळ निघून जातो. पुढची कड जरा वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. पात्यांचेही तसेच.

पण पाती तर गरगर फिरत असतात. बसलेला माणूस त्यांचा कल बदलणार कसा? इथे आपले जाते आठवा. खालची तळी बसून असते, वरची फिरते. हेलिकॉप्टरच्या पंख्याखाली अशाच दोन चकत्या एकावर एक असतात. तिला स्वॉशप्लेट म्हणतात. खालची चकती फिरत नाही, तिला वैमानिकाकडून येणाऱ्या दांड्या जोडलेल्या असतात. वरची चकती पंख्याबरोबर फिरते आणि तिच्यापासून प्रत्येक पात्याला एक दांडी जाते. जाते मात्र कलत नाही, या चकत्या कलतात.

वैमानिकाच्या डाव्या हाताला एक दांडा असतो. तो वर ओढला की दोन्ही चकत्या सरळ वर सरकतात, सगळ्या पात्यांचा कल एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर चढते. उजव्या हातातला दांडा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये असतो. तो ज्या बाजूला झुकवावा तशा चकत्या कलतात. मग प्रत्येक पाते फिरताना एका बाजूला जास्त उचलते, समोरच्या बाजूला कमी. सगळा पंखा त्या दिशेला झुकतो आणि हेलिकॉप्टर तिकडे जाते.

राहिले पाय. मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. म्हणून शेपटीला छोटा पंखा असतो, तो धडाला आवरून धरतो. पायाखालच्या दोन पेडलांनी त्याचा जोर कमीजास्त करता येतो.

खरी मेहनत पुढे आहे. यातले काहीच एकेकटे चालत नाही. डावा दांडा ओढला की इंजिनावर भार येतो आणि नाक बाजूला वळू लागते. ते पायाने सावरले की शेपटीच्या पंख्याचा रेटा बदलतो आणि सगळे हेलिकॉप्टर बाजूला सरकते. मग उजवा हात हवा. शिवाय विमान सोडून दिले तरी काही वेळ सरळ जाते, तसे हेलिकॉप्टरचे नाही. तळहातावर उभी धरलेली काठी पाहा. हात थांबला की काठी कलली. एका जागी थांबलेले हेलिकॉप्टर असेच असते. वाऱ्याच्या झोताने थोडे हलले की ते हलणे काही सेकंदांत वाढत जाते.

म्हणून यंत्राची मदत. तिचे दोन थर आहेत.

पहिला थर सावरण्याचा. डोक्यावर हंडा घेऊन आपण चालतो तेव्हा मान दर पावलाला बारीक बारीक सावरत असते, आपण त्याचा विचारही करत नाही. हेलिकॉप्टरमध्ये जायरो नावाची उपकरणे असतात. यंत्र कोणत्या बाजूला किती वेगाने कलते आहे ते त्यांना लगेच कळते. संगणक हिशेब करतो आणि दांड्यांना जोडलेल्या छोट्या यंत्रांना ढकलायला सांगतो. वैमानिकाच्या हातातला दांडा हलतही नाही, पण झोत सावरलेला असतो.

दुसरा थर म्हणजे खरा ऑटोपायलट. त्याला काम सांगावे लागते. ही उंची धर, ही दिशा धर, हा वेग धर. उंची त्याला हवेच्या दाबावरून कळते, किंवा जमिनीवर सोडलेल्या रेडिओ लहरी किती वेळात परत येतात त्यावरून. काही हेलिकॉप्टरांत तो एका जागी थांबवूनही ठेवतो. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेले ‘ध्रुव’ २० ऑगस्ट १९९२ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याचा ऑटोपायलट चारही गोष्टी पाहतो: नाक वर-खाली, अंग डावी-उजवीकडे कलणे, नाक डावी-उजवीकडे वळणे, आणि उंची.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सावरणाऱ्या यंत्राला पूर्ण हात दिलेला नसतो. दांडा जितका हलू शकतो, त्याच्या साधारण १० टक्केच ते एका झटक्यात हलवू शकते. का? कारण यंत्र बिघडले आणि भलतीकडे ढकलू लागले, तरी उरलेली ताकद माणसाच्या हातात राहावी. आपल्या गटातही किरकोळ खर्चापुरती रोख खजिनदाराकडे असते, पण मोठी रक्कम दोन सह्यांशिवाय बँकेतून निघत नाही. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, चूक झाली तर ती लहान राहावी म्हणून. ऑटोपायलट मोठी हालचाल करतो ती सावकाश, आणि वैमानिक ती हाताने रोखू शकतो. दांड्यावरच बटण असते. दाबले की यंत्र बाजूला, सगळा कारभार माणसाकडे. बऱ्याच हेलिकॉप्टरांत संगणकही दोन असतात. त्यांचे एकमेकांशी जमले नाही की वैमानिकाला इशारा मिळतो.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की दोघे मिळून धरतात, पण शेवटचा शब्द माणसाचा. आणि या दोघांनाही जे नीट दिसत नाही, ते आपल्याला खालून दिसते. ऑटोपायलटला विजेची तार दिसत नाही. सुटलेला पत्रा दिसत नाही. धावत आलेले पोर दिसत नाही. तेव्हा पूर-वादळात हेलिकॉप्टर आले तर आपण काय करायचे, ते लिहून घ्या.

उतरण्याची जागा मोकळी हवी, जवळ विजेच्या तारा नकोत. पत्रे, ताडपत्री, कडबा बांधून ठेवा. पंख्याचा वारा ते उडवून वर नेतो. पदर, ओढणी घट्ट खोचा. मुलांना हाताशी धरा.

मदत हवी असेल तर दोन्ही हात वर तिरपे धरून उभ्या राहा. एक हात वर आणि एक खाली म्हणजे मदत नको. नुसते हात हलवू नका.

बोलावल्याशिवाय जवळ जाऊ नका. जायचे ते समोरून, वैमानिकाला दिसेल असे, वाकून. शेपटीकडे कधीच नाही, तो छोटा पंखा फिरताना दिसतही नाही. उतार असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नका, तिकडे मोठा पंखा जमिनीच्या जवळ असतो.

दोर खाली आला तर आकडा आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. त्यात साठलेल्या विजेचा झटका बसू शकतो. आणि दोर घराला, झाडाला कशालाही बांधू नका. बांधला तर वरचे यंत्रच खाली ओढले जाईल.

गटात बोलण्यासाठी: आपल्या गावात तारा नसलेली मोकळी जागा कोणती? पावसाळ्याआधी ती ग्रामपंचायतीला लिहून कोण देणार? आणि दिवस भरत आलेल्या बायांची यादी कोणाकडे असते? पुढच्या बैठकीत एवढे तीन प्रश्न घ्या.