समतोल साधला, गर्दी पांगली

बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात. 1998 सालच्या 'स्टारक्राफ्ट' या संगणकावरील युद्धखेळात मात्र तिन्ही जमाती सर्वस्वी भिन्न. प्रोटॉसच्या एका झेलट योद्ध्याला 100 खनिजे लागतात. तेवढ्यात झर्गचे चार झर्गलिंग येतात. तरीही निकाल ठरतो तो कौशल्यावर. मग असे खेळ मागे का पडले? माझ्या मते दोष समतोलाचा नव्हे, ओझ्याचा. इथे पाळी नसते. खाणी, बांधकाम, लढाई सारे एकट्याने, एकाच वेळी सांभाळायचे. 2009 च्या 'लीग ऑफ लेजंड्स'ने पाच-पाच जणांचे संघ केले, प्रत्येकाला एकच वीर दिला. गर्दी तिकडे वळली. तिथे हरल्यावर खापर फोडायला चार डोकी असतात. मी अजून 'स्टारक्राफ्ट'च खेळतो. बहुधा हरतो, पण ती हार निखळ माझी असते.