उत्तर कोणाच्या शब्दांत?

उरणजवळच्या द्रोणागिरीच्या तरुणाला आज सल्ल्याची टंचाई नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचेही झाले आणि द्रोणागिरी हे नाव रेल्वेच्या नकाशावर आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. १९८९ पासून चालू असलेले न्हावा शेव्याचे बंदर तर दारातच आहे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगलेल्या आगरी-कोळी घरांतली मुले आता कंटेनर यार्डात जायचे, विमानतळावर अर्ज करायचा, जमीन गेल्याबद्दल सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या पैशातून धंदा काढायचा, की वडिलांची होडी चालवायची, या प्रश्नापाशी येऊन थांबली आहेत. वाट दाखवायला शिबिरे असतात, व्याख्याते असतात आणि अलीकडे स्वतःला ‘कोच’ म्हणवणारे मार्गदर्शकही असतात. हा कोच म्हणजे क्लासचे सर नव्हेत. समोरच्याला त्याचा निर्णय त्यालाच घेता यावा म्हणून त्याच्याशी बोलणारा माणूस, असा त्याचा अर्थ. या बोलण्यात प्रश्न कसा विचारावा आणि उपमा कोणी द्यावी, हा मुद्दा किरकोळ वाटेल. माझ्या मते बहुतेक सगळे त्यावरच ठरते. चांगला मार्गदर्शक स्वतःची उपमा देत नाही. तो समोरच्याची उपमा उचलतो आणि तिच्यात पदरचे काही न घालता पुढचे विचारतो.

ही पद्धत शिस्तीने बांधली ती न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डेव्हिड ग्रोव्ह या मानसोपचारकाराने. १९८०च्या दशकात तो जबर मानसिक आघात सोसलेल्या लोकांवर उपचार करीत असे. अशी माणसे आपली अवस्था सरळ सांगत नाहीत, छातीवर दगड आहे, घशात गाठ आहे, अशा भाषेत सांगतात. ऐकणारा लगेच ‘म्हणजे तुम्हाला दुःख झाले आहे’ असा तर्जुमा करतो आणि दगडाविषयी जे कळू शकले असते ते हातचे जाते. ग्रोव्हने म्हणून मोजके प्रश्न ठरवले: कसला दगड? त्या दगडाबद्दल आणखी काही? तो कुठे आहे? त्याच्या आधी काय होते? मग काय होते? यांत प्रश्न विचारणाऱ्याचे एकही विशेषण वा सल्ला नसतो, शब्द समोरच्याचेच परत येतात. या पद्धतीला ‘क्लीन लँग्वेज’ असे नाव पडले. पेनी टॉम्पकिन्स आणि जेम्स लॉली यांनी २००० साली ‘मेटाफर्स इन माइंड’ या पुस्तकात तिची मांडणी केली आणि पुढे ती दवाखान्यातून कचेऱ्यांत आणि कोचिंगमध्ये शिरली.

आता ही पद्धत करंजाच्या किनाऱ्यावर, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली खाडी खरी आहे. एक कोळी तरुण मार्गदर्शकाला म्हणतो, ‘मी गाळात रुतल्यासारखा झालोय.’ नेहमीचा मार्गदर्शक विचारतो, ‘मग बाहेर कसा पडणार? किती दिवस असाच बसणार?’ वरवर हे प्रश्न आहेत, आत दोन निकाल दडलेले आहेत: गाळ वाईट, आणि तू आळशी. पाठोपाठ शर्यत येते, यशाची शिडी येते, ‘जग पुढे चाललंय’ हे येते. शहरातल्या माणसाला गाळ म्हणजे घाण. उरणच्या खाडीवर वाढलेल्याला गाळ म्हणजे निवट्या आणि चिंबोऱ्या, म्हणजे घरचे कालवण आणि बाजारातले पैसे. गाळात जोर लावला की पाय आणखी खोल जातो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. रुतलेली होडी ओढायची नसते, भरतीची वाट पाहायची असते, हेही ठाऊक असते. ‘कसला गाळ?’ एवढेच विचारले, तर कदाचित कळेल की त्याला गाळातून निघायचेच नाही, भरती केव्हा येणार याचा अंदाज हवा आहे. कदाचित असेही कळेल की हा गाळ पूर्वीचा राहिलेला नाही, भरावाने त्याचा कस गेला आहे आणि थांबण्यात अर्थ नाही. दोन्ही उत्तरे शक्य आहेत. मार्गदर्शकाला त्यांतले खरे कोणते ते माहीत नसते, आणि माहीत नसताना तो ‘बाहेर पड’ म्हणून मोकळा होतो. ‘गाळात रुतलायस, तेव्हा काय व्हायला हवंय तुला?’ हा प्रश्न त्याने विचारला असता, तर निदान दिशा तरी त्या मुलाची राहिली असती.

एखाद्या शब्दाने एवढे काय बिघडते, असे वाटेल. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारताना ‘धडकल्या’ हे क्रियापद होते, काहींना ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे. पहिल्या गटाने सरासरी ताशी ३४ मैल सांगितले, दुसऱ्याने जवळजवळ ४१. दुसऱ्या प्रयोगात वेगळ्या विद्यार्थ्यांना याच क्रियापदांनी वेग विचारला आणि आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्या का असे विचारले, तेव्हा ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. प्रश्नातले क्रियापद माणसाच्या आठवणीत जाऊन बसले. कायद्याला ही गोष्ट त्याच्याही शंभर वर्षे आधी कळली होती. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने सरतपासात सूचक प्रश्न, म्हणजे ज्याच्या पोटात अपेक्षित उत्तर आहे असा प्रश्न, विरोधी पक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारायला मनाई केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. साक्षीदाराला जे संरक्षण मिळते, ते आयुष्याचा निर्णय घेणाऱ्या मुलाला का मिळू नये?

यावर मराठी वाचकाचा पहिला आक्षेप रास्त आहे. आपली सारी शिकवण दृष्टान्तांवर चालत आली. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे १२९०) उपमांनी ओथंबलेली आहे, कीर्तनकार दृष्टान्तावाचून उभाच राहत नाही. मग सांगणाऱ्याने उपमा दिली तर बिघडले कुठे? काहीच नाही, जोवर तो निरूपण करतो आहे. कीर्तनकाराला एक सिद्धान्त शेकडो श्रोत्यांना पटवायचा असतो, त्याला सर्वांच्या ओळखीचा दृष्टान्त लागतो. मार्गदर्शकापुढे एकच माणूस असतो आणि सिद्धान्त अजून कोणालाच सापडलेला नसतो. गंमत अशी की गीतेत प्रश्न अर्जुन विचारतो आणि उत्तरे कृष्ण देतो. कोचिंगमध्ये नेमके उलटे व्हायला हवे. आपल्याकडच्या बऱ्याच मार्गदर्शकांना मात्र कृष्णाचीच जागा आवडते, आणि व्यासपीठावर ती शोभतेही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लोक पैसे देऊन येतात ते उत्तर न्यायला, त्यांना प्रश्न काय विचारता? याला गोव्यातून एक बऱ्यापैकी उत्तर मिळते. तिथे ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन मिळाले, तेही मानसशास्त्र न शिकलेल्या, पण तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांकडून. या समुपदेशनाचा पाया होता विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली पद्धत. तीत उपदेश टाळून, बदलायचे का आणि कशासाठी, हे माणसाच्याच तोंडून वदवून घेतात. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आधीचे १४ दिवस अजिबात न प्यालेले अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. जे पीत राहिले, त्यांच्या रोजच्या मापात मात्र फरक पडला नाही. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. शिवाय ही ग्रोव्हच्या प्रश्नांची परीक्षा नव्हती, आणि आजारावरचा उपाय म्हणजे कोचिंगही नव्हे. एवढे मात्र दिसले की आयते उत्तर न मिळाल्यामुळे लोक रित्या हाताने परत गेले नाहीत.

ग्रोव्हच्या पद्धतीमागचा थेट पुरावा अजून तोकडा आहे, हे कबूल करायला हवे. उपमेच्या सामर्थ्याबद्दलही वाद आहे. गुन्हेगारीला ‘हिंस्र पशू’ म्हटले तर लोक कडक बंदोबस्त सुचवतात आणि ‘विषाणू’ म्हटले तर सामाजिक सुधारणा, असे पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांना २०११ साली आढळले. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. संपूर्ण निर्लेप प्रश्न तर नसतोच. कशाबद्दल विचारायचे हे निवडले, की विचारणाऱ्याचे मत त्यात आलेच. आणि समोरच्याचेच शब्द पोपटासारखे परत म्हणणाऱ्या कोचचा वैताग येतो, हेही खरे. पद्धत म्हणजे मंत्र नव्हे. अर्ध्या तासात असे तीन प्रश्न योग्य जागी पडले तरी पुष्कळ झाले, उरलेला वेळ साधे बोलावे. अर्जाची मुदत, कर्जाचा व्याजदर, जहाजावरच्या नोकरीसाठी डीजी शिपिंगची (नौवहन महासंचालनालयाची) मान्यता असलेली प्रशिक्षण संस्था कोणती, या गोष्टी विचारणाऱ्याला सरळ सांगाव्यात. माहितीच्या जागी प्रश्न विचारणे हा छळ आहे.

मराठीत समुपदेशनाची जी धारा सर्वांत रुजली, ती अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, आणि ठाण्यात १९९० पासून काम करणाऱ्या आयपीएच या संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घराघरांत नेली. एलिस तर चक्क वाद घालत. ‘हे झालेच पाहिजे असे कुठे लिहिले आहे?’ अशा धाटणीचा तो प्रश्न. तो निर्लेप खासच नाही. पण वाद घालायचा तरी समोरच्याच्या कोणत्या वाक्याशी? ते वाक्य आधी त्याच्याच शब्दांत हाती यावे लागते, नाहीतर मार्गदर्शक आपणच रचलेल्या वाक्याशी भांडून जिंकतो. म्हणून मला या दोन पद्धती शत्रू वाटत नाहीत. ऐकणे आधी, वाद नंतर, एवढा क्रम पाळला की पुरे.

राहता राहिली ती सावधगिरी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कोचला आपल्या देशात तसा कोणताही परवाना लागत नाही. आज पाटी लावली की उद्यापासून कोच. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोचकडे जाऊच नका. डॉक्टरकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येते. इतर कामासाठी कोच गाठायचा असेल, तर मोठी फी भरण्याआधी एक भेट घ्या. ती संपल्यावर दोन गोष्टी तपासा: त्या तासात जास्त कोण बोलले, आणि घरी येताना तुमच्या डोक्यात घोळणारी उपमा तुमची होती की त्याची. उत्तरे ‘तो’ आणि ‘त्याची’ अशी आली, तर पुढचे पैसे भरू नका.