चौकटची राणी कुणाकडे?

ब्रिजमधला मला सर्वांत प्रिय क्षण म्हणजे पहिली उतारी झालेली असते, डमीची 13 पानं टेबलावर मांडून झालेली असतात आणि डिक्लेअररनं अजून एकाही पानाला हात लावलेला नसतो, तो. बघणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाहीये. पण स्लॅम बहुतेक वेळा इथंच होतो किंवा इथंच बुडतो. पुढची दहा मिनिटं म्हणजे आधीच झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी.

सावंगीत (मेघे) आमचं चौघांचं टेबल रविवारी दुपारी कुणाच्या तरी बैठकीत बसतं. आमच्यातले एक ज्येष्ठ सर्जन उभं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेले. समोरचा भिडू डमीतलं पान घाईनं ओढायला लागला की ते त्याचा हात धरतात. "थांब ना बाप्पा! पान काय पळून चाललं काय?" सुरी लावण्याआधी सगळे रिपोर्ट पुन्हा एकदा बघून घेण्याची त्यांची सवय पत्त्यांतही उतरली आहे, आणि माझ्या मते आमच्या टेबलावर सर्वांत जास्त स्लॅम त्यांचेच होतात ते याच सवयीमुळं.

ज्यांनी ब्रिज खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंढीकोट खेळलेल्या मराठी माणसाला ब्रिज निम्मं येतंच: समोरासमोरचे भिडू, रंग द्यायचा, नसेल तर हुकमानं मारायचं. फरक बोलीचा आणि डमीचा: बोली जिंकणारा डिक्लेअरर आपल्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं, म्हणजे डमी, स्वतःच खेळतो. 13 पैकी 12 हात करण्याची बोली म्हणजे छोटा स्लॅम, 13 ची मोठा. छोट्या स्लॅमला 500 किंवा 750 गुणांचा बोनस असतो, पण एक हात कमी पडला की सगळंच गेलं. आजचं कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हॅरल्ड व्हँडरबिल्टनं 1925 मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर आकाराला आणलं. एक्के विचारण्याची ब्लॅकवुडची युक्ती 1933 ची. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण जिंकलं आणि मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. इतिहास एवढा पुरे, कारण मला बोलायचंय ते एका डावाबद्दल.

डमी (उत्तर)
इस्पिक: राजा, 9, 8, 4, 2
बदाम: 6, 4
चौकट: राजा, 10, 3
किलवर: एक्का, राजा, 6

डिक्लेअरर (दक्षिण)
इस्पिक: एक्का, राणी, गुलाम, 10, 7
बदाम: एक्का, राजा
चौकट: एक्का, गुलाम, 4
किलवर: 7, 5, 3

बोली सहा इस्पिकची, म्हणजे इस्पिक हुकूम आणि हात 12. पश्चिमेनं बदामाची राणी उतरली. आता मोजा. हुकमाचे 5, बदामाचे 2, किलवरचे 2, चौकटचे एक्का-राजा मिळून 2. झाले 11. बारावा कुठून आणायचा? किलवरचा एक हात जाणारच. म्हणजे चौकटमध्ये एकही देता येत नाही, आणि चौकटची राणी दिसत नाही.

हा डाव अवघड का, ते बघा. दोन्ही हातांत रंगांची वाटणी तंतोतंत सारखी आहे, 5-2-3-3. हुकूम दहा असूनही त्यांचा उपयोग नाही. एका हातात कुठला रंग लवकर संपत नाही, म्हणून मारायला जागा नाही. एखादं नको असलेलं पान दुसऱ्या रंगावर फेकायलाही जागा नाही. मोठ्या पानांचे 32 पॉइंट हातात आणि तरी अडकलेले. अशा वेळी नवशिका खेळाडू हुकूम काढतो आणि लगेच चौकटकडे वळतो: राणी पूर्वेकडे की पश्चिमेकडे? फिनेस, म्हणजे राणी एका विरोधकाकडे आहे असं धरून तिच्याहून खालच्या पानानं हात काढणं, दोन्ही बाजूंनी करता येतो, म्हणून तो चेहरे बघतो, अंदाज बांधतो. शक्यता 50 टक्के.

आमच्या सर्जनसाहेबांनी इथं जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटतो. राणी कुणाकडे आहे हे आपल्याला कळायची गरज आहे का? गरज नाही. चौकटला आपण आधी हात लावायचाच नाही. तो रंग त्यांनीच खेळायला हवा.

बदामाच्या एक्क्यानं पहिला हात घ्या. विरोधकांकडे तीनच हुकूम आहेत. ते एकाकडेच असले तरी तीन फेऱ्यांत संपतात आणि आपल्या दोन्ही हातांत दोन-दोन हुकूम उरतात. मग बदामाचा राजा. आता बदाम दोन्हीकडे संपले. किलवरचा एक्का, राजा, आणि तिसरं किलवर खुशाल देऊन टाका. ते पूर्वेनं घेवो की पश्चिमेनं, किलवरही आपल्याकडे दोन्हीकडे संपलेलं असतं.

त्या विरोधकानं आता काय खेळावं? बदाम किंवा किलवर खेळला, तर एका हातात हुकमानं मारायचं आणि दुसऱ्या हातातून चौकटचं पान फेकायचं. उरलेली चौकट एक्का, राजा आणि एका हुकमात निभावते. चौकट खेळला, तर तुमचा छोटा पत्ता आधी पडतो आणि राणी जिथं असेल तिथं आपोआप सापडते. तिसरा रस्ता त्याच्याजवळ नाही. 50 टक्क्यांचा डाव 100 टक्क्यांचा झाला, आणि तोही एकही अंदाज न बांधता. याला एलिमिनेशन आणि थ्रो-इन म्हणतात. ब्रिजमध्ये याहून देखणं काही असेल, असं मला वाटत नाही. स्क्वीझचे, म्हणजे विरोधकाला हवं असलेलं पान फेकायला भाग पाडणाऱ्या डावपेचाचे, भक्त रागावतील. गेझा ओटलिक या हंगेरियन कादंबरीकारानं ह्यू केल्सीसोबत 1979 मध्ये लिहिलेलं पत्त्यांवरचं पुस्तक त्यांच्यासाठी पोथीच आहे, आणि मलाही ते वाचताना झोप लागत नाही. तरी टेबलावर रोज उपयोगी पडतं ते हेच साधं एलिमिनेशन.

प्रत्येक स्लॅमला असा हमखास मार्ग नसतो. तेव्हा दोन अर्धवट शक्यता एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि तिथं क्रम हाच सगळा खेळ. समजा एका रंगात आपली आठ पानं आहेत, एक्का-राजा आपल्याकडे, राणी त्यांच्याकडे. दुसऱ्या रंगात फिनेस शक्य आहे. दोन्हींपैकी एक जमलं तरी स्लॅम होतो. फिनेस आधी केला आणि फसला, तर सगळं संपलं. त्याऐवजी आधी एक्का-राजा वाजवा. राणी दोन फेऱ्यांत पडण्याची शक्यता सुमारे 33 टक्के. पडली तर फिनेसची गरज नाही, नाही पडली तर तो अजून हाताशी आहेच. एकूण शक्यता 66 टक्क्यांच्या आसपास जाते. पत्ते तेच, फक्त क्रम बदलला.

माझ्या माहितीतले चांगले खेळाडू बोलीच्या पद्धतींवर तासन्तास भांडतात, पण खेळताना मात्र पहिल्या पानाला घाई करतात. मला हे उलटं वाटतं. बोलीतली चूक भिडू सावरून घेऊ शकतो. डिक्लेअररच्या मदतीला कुणीच नसतं.

आता वरच्याच डावात डमीच्या चौकटमधली दश्शी काढून तिथं पंजी ठेवा आणि घरी पत्ते मांडून बघा. तिसरं किलवर पश्चिमेनं घेतलं, तर स्लॅम अजूनही हमखास आहे. पूर्वेनं घेतलं आणि तिनं छोटी चौकट टाकली, तर पश्चिम दश्शी लावून डमीचा राजा काढून घेऊ शकते, आणि मग गुलामाचा फिनेस करताना राणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एवढी त्या दश्शीची किंमत.