पशुवैद्यांचे क्षेत्रीय साथरोगविज्ञान-प्रशिक्षण

जनावरांच्या समूहात उद्भवणाऱ्या रोगाचा प्रसार, त्याची कारणे व नियंत्रणाचे उपाय यांचा रोगाच्या प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन शोध घेण्यासाठी पशुवैद्यांना दिले जाणारे शिक्षण. चिकित्सक पशुवैद्य एकेक आजारी जनावर तपासून त्यावर उपचार करतो; साथरोगतज्ञाच्या दृष्टीने मात्र गोठा, कळप, गाव किंवा जंगलाचा पट्टा हाच रुग्ण असतो. त्यामुळे आजारी जनावरांइतकीच निरोगी राहिलेल्या जनावरांची मोजदादही त्याला आवश्यक वाटते. उदा., एका गावात ४०० पैकी ४० व दुसऱ्या गावात २० पैकी १० गुरे आजारी पडली, तर पहिला आकडा मोठा असला, तरी रोगाचे प्रमाण तेथे १०% आणि दुसऱ्या गावात ५०% ठरते.

इतिहास : पशुवैद्यक शिक्षणाचा पाया बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींच्या अनुभवातून घातला गेला. भारतात बुळकांडीचा अखेरचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला व २०११ मध्ये हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. या यशात लशीइतकाच गावोगाव केलेल्या रोगशोधाचा वाटा होता. साथरोगविज्ञानाच्या क्षेत्रीय प्रशिक्षणाची आधुनिक पद्धत अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्युर यांनी १९५१ मध्ये सुरू केली. ‘काम करता करता शिकणे’ हे तिचे मूलतत्त्व असून तीत पशुवैद्यांनाही स्थान मिळाले. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत २००१ पासून असा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात नवापूर (जि. नंदुरबार) येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधील एच५एन१ या बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक आढळला, तेव्हा अशा प्रशिक्षणाची निकड स्पष्ट झाली.

अभ्यासविषय : उद्रेक खरोखर झाला आहे किंवा नाही याची खात्री करणे, कोणत्या जनावरास ‘रोगी’ म्हणावयाचे याची व्याख्या ठरविणे, काळ, स्थळ व जनावरांचा प्रकार यांनुसार नोंदी मांडणे, त्यांवरून कारणाविषयी अनुमान बांधणे, रोगी व निरोगी गटांची तुलना करून ते पडताळणे आणि अहवाल देणे असे शोधाचे टप्पे आहेत. प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता प्राथमिक उपाय योजण्याचेही शिक्षण दिले जाते. यांशिवाय शवविच्छेदन, नमुने थंड ठेवून पाठविणे, स्वसंरक्षण आणि पशुपालकांशी संवाद यांचा सराव करून घेतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील उदाहरण : या विषयाचे महत्त्व माकडतापावरून (क्यासनूर जंगल रोग) चांगले कळते. हा विषाणुजन्य रोग १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात जंगलातील माकडे मरू लागल्यावर उघडकीस आला व पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राने त्याचा छडा लावला. तो मुख्यत्वे गोचिडांमार्फत पसरतो. माणसापासून माणसास होत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि त्यानंतर २०१६ च्या प्रारंभी दोडामार्ग तालुक्यात केर परिसरात तो आढळला. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात त्याचा प्रादुर्भाव झाला. काजूचा हंगाम आणि राबासाठी पातेरा गोळा करण्याचे दिवस यांच्याशी गोचिडांच्या पिलांचा सुळसुळाट जुळत असल्याने बागायतदार व मजूर यांना धोका अधिक असतो.

माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडे आसपास पसरतात. म्हणून मृत माकडाची वार्ता ही माणसांना मिळालेली आगाऊ सूचना होय. पशुवैद्याने ती मिळताच संरक्षक पोषाखात शवविच्छेदन करणे, नमुने पुण्यास पाठविणे, शव जाळणे व सुमारे ५० मी. परिसरात कीटकनाशक भुकटी धुरळणे अपेक्षित असते. गुरे या रोगाने सहसा आजारी पडत नाहीत. परंतु प्रौढ गोचिडे त्यांच्यावर पोसली जात असल्याने गोठ्यातील गोचीडनिर्मूलनही महत्त्वाचे ठरते.

याच जिल्ह्यातील मालवणसारख्या किनारी तालुक्यात चित्र पालटते. पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्यांस येणारा ताप लेप्टोस्पायरोसिसची शंका उत्पन्न करतो. या रोगाचे जंतू उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात. तापाची लक्षणे सारखी असली, तरी ऋतू, भूभाग व व्यवसाय यांवरून शोधाची दिशा बदलते, हे प्रशिक्षणार्थीस अशा तुलनेतून उमगते.

अडचणी : माकडे वन खात्याच्या, गुरे पशुसंवर्धन खात्याच्या व माणसे आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येतात, रोग मात्र या सीमा पाळत नाही. म्हणून तिन्ही खात्यांतील कर्मचाऱ्यांना एकत्र शिकविण्यावर भर दिला जातो. मेलेल्या जनावराची बातमी प्रथम गुराखी, बागायतदार किंवा वनमजूर यांना कळते. ती सांगितल्यास आपल्याला त्रास होईल अशी त्यांना भीती वाटली, तर ती दडपली जाते आणि रोगाची पहिली खूण माणसाच्या आजारातच दिसते. लोकांचा विश्वास मिळविणे हा यामुळे या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग मानला जातो.