वर्तनोपचार, स्वमग्न मुलांवरील
अपेक्षित वर्तनाचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यास प्रबलन (बक्षीस, कौतुक) देण्याची पद्धती. ईव्हार लोव्हास ह्यांनी १९६० च्या दशकात वापरलेल्या शिक्षा आता सामान्यतः त्याज्य मानतात. पाणी हवे असता किंचाळणारे मूल पेल्याच्या चित्राकडे बोट दाखवू लागले, की त्या खुणेस घरातील सर्वांनी तत्काळ प्रतिसाद द्यावा लागतो. एकाने जरी किंचाळण्यास दाद दिली, तरी जुने वर्तन बळावते. म्हणून कुटुंबाला वगळून हा उपचार टिकत नाही. तथापि आईच्या भावशून्यतेमुळे मूल स्वमग्न होते, ह्या निराधार मताने मातापित्यांना दीर्घकाळ दोषीच ठरविले. एरिक शॉप्लर ह्यांनी त्यांना सह-उपचारक मानले. त्यावर आधारित राज्यव्यापी कार्यक्रम उत्तर कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झाला.